डाव्या बाजूची कमान

दिगंबर सुर्वे खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. गॅरेजवाला असून, हे विशेष. आता गिऱ्हाइकाला "उद्या देतो" म्हणून चार दिवस लावणं हे कुणी खोट्यात धरत नाही, नाहीतर कलकत्त्यातला एकही मिस्त्री स्वर्गात जायचा नाही. पण एक्कावन्न सालच्या जूनमध्ये तो एक वाक्य बोलून गेला, आणि ते माशाच्या काट्यासारखं त्याच्या घशात बसलं. वर भाताचे किती गोळे गिळले तरी खाली जाईना.

दिगंबर मूळचा चिपळूणकडचा. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांच्या कृपेनं. लढाईत फौजेच्या वर्कशॉपात बराकपूरला होता, ट्रक उघडणं-जोडणं तिथंच शिकला. लढाई संपली, साहेब लोक बोटीत बसून गेले, आणि हा भवानीपुरात एका गल्लीत पत्रा टाकून बसला. ओळख ना पाळख. तेव्हा डॉक्टर श्यामसुंदर टिपणीस आपली गाडी ढकलत त्याच्याकडे आले. डॉक्टर कलकत्त्यातच जन्मलेले, मराठी बोलायचे ते पण बंगाल्यांसारखं गोल गोल. पाटीवर "सुर्वे" नाव वाचलं आणि म्हणाले, "अरे, आपल्यातला दिसतोस! जेवलास का?"

त्या दिवसापासून दर रविवारी दिगंबर त्यांच्याकडे जेवायला. डॉक्टरांची बायको कालिंदीवहिनी, नागपूरच्या. अंगानं चांगल्या भरलेल्या, हसायला लागल्या की खुर्ची हलायची. दिगंबरला त्या "भावजी" म्हणायच्या. गॅरेजच्या काळ्या हाताच्या माणसाला भावजी! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो घरी जाऊन नखं घासत बसला होता.

आणि ती गाडी. सदतीस सालची एमजी, गडद हिरवी, उघडी, दोन माणसांची. तिसऱ्याला बसायला जागा नाही. डॉक्टरांना मूलबाळ नव्हतं, तेव्हा तिसरं कोणी बसायचंही नव्हतं. शनिवारी संध्याकाळी दवाखाना मिटला की दोघं निघायची. डॉक्टर उजवीकडे स्टिअरिंगवर, वहिनी डावीकडे, डोक्याला रुमाल बांधून. एस्प्लनेडला जायचं, आइस्क्रीम खायचं, मैदानाला वळसा घालून परत. पाऊस असला तर टप चढवून. नऊ वर्षं एक शनिवार चुकला नव्हता.

मे महिन्यात वहिनींच्या पुतणीचं, लीनाचं, नागपूरला लग्न निघालं. डॉक्टर म्हणाले, "दिगू, सहा आठवडे आम्ही नाही. गाडी तुझ्याकडे ठेवतो. व्हॉल्व घासून ठेव."

व्हॉल्व घासून चार दिवसांत झाले. पुढं गाडी नुसती उभी. आणि जयप्रकाश मोहिते रोज येऊन तिच्या बॉनेटवर हात फिरवायचा. हा जयप्रकाश बँकेत कारकून, तिथल्या मराठी मंडळाच्या नाटकात विनोदी काम करणारा, जीभ अशी की दुसऱ्याचं घर जळत असलं तरी हा पहिल्यांदा कोटी करणार. तो म्हणाला, "दिग्या, बराकपूरच्या पुढं लढाईतली धावपट्टी ओसाड पडलीय ना, तिथं रविवारी शर्यत लावतात. चहा कंपन्यांतले साहेब, फौजेतले पोरगे. तुझ्या हातात असली गाडी आणि तू पंक्चर काढत बसलायस!"

"डॉक्टरांची आहे."

"डॉक्टर कुठं बघतायत? आणि खाली बसव जरा तिला. शर्यतीच्या गाड्या कशा जमिनीला पोट लावून पळतात. ही तर लग्नातल्या घोड्यासारखी उभीय."

दिगंबरला तेवढंच पुरलं. माणसाला आपल्या हुन्नराची खाज असते. त्यानं चारही कमानी उतरवल्या. कमान म्हणजे पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचून केलेली स्प्रिंग, गाडी तिच्यावर तोललेली असते. प्रत्येकीतली एक पट्टी काढून टाकली, उरलेल्या सियालदहच्या निताई लोहाराकडून थंड्याच ठोकून चपट्या करून आणल्या. गाडी तीन इंच खाली आली. दिसायला काय दिसत होती! दिगंबर तासभर नुसता उकिडवा बसून बघत होता.

शर्यतीत सात गाड्या. ही सहावी आली. सातवीचं चाक निखळलं होतं.

ते एक असो. दोन आठवडे हातात होते, कमानी परत चढवून घेऊ म्हणून हा निवांत. तेवढ्यात डॉक्टरांची तार, उन्हाळा सोसत नाही, परवा येतो. निताई गावी गेलेला. दिगंबरनं गाडी धुतली, पुसली, आणि होती तशी दिली.

पहिल्याच शनिवारी दोघं एस्प्लनेडहून परस्पर गॅरेजवर आली. डॉक्टर उतरले, कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "दिगू, अरे ट्रामच्या रुळावर खालून घासतेय. कडाकडा आवाज. काय झालं हिला?"

वहिनी अजून आतच होत्या. आधीच ती गाडी ठेंगणी, त्यात तीन इंच खाली गेल्यावर सीट अगदी पाटावर बसल्यासारखी झाली होती. त्या दाराला धरून उठायला बघत होत्या आणि उठता येत नव्हतं. डॉक्टरांनी हात दिला, दिगंबरनं दुसरा दिला, तेव्हा उठल्या. हसल्याच होत्या त्याही वेळी. "आइस्क्रीम बंद करायला हवं बाई!"

तेव्हा सांगायला काय झालं होतं? डॉक्टर, मी माती खाल्ली, आठ दिवस द्या. डॉक्टरांनी दोन शिव्या दिल्या असत्या आणि वर चहा पाजला असता. पण दिगंबरच्या तोंडातून निघालं, "जुनी गाडी ना डॉक्टर. वजनानं कमानी बसतात. डावीकडे जरा जास्तच बसलीय."

डावीकडे. वहिनींचीच ती बाजू. त्याच्या मनात वाकडं काही नव्हतं, तोंडाला येईल ते बोलला होता. पण वहिनींचं हसू तिथल्या तिथं थांबलं, तेवढं त्यानं पाहिलं. "मी चालतच जाते," त्या म्हणाल्या. "दोन तर गल्ल्या."

पुढच्या शनिवारी डॉक्टर एकटेच निघाले आणि कोपऱ्यावरूनच परत आले. त्याच्या पुढच्या शनिवारी गाडी निघालीच नाही. रविवारी दिगंबर जेवायला गेला तर वहिनींच्या ताटात भात नाही. दोन पोळ्या आणि पडवळाची भाजी.

"वहिनी, भात?"

"डॉक्टरांनी बंद सांगितलाय," त्या म्हणाल्या आणि त्याच्याच ताटात आणखी एक वाढणी टाकली. "तुम्ही घ्या, भावजी. तुमची हाडं दिसतात."

तो भात दिगंबरनं खाल्ला. न खाऊन करतो काय.

आता सगळं सोसलं असतं, पण मंडळाच्या गणपतीत जे झालं त्यानं त्याची झोप गेली. आरती झाली, प्रसाद वाटून झाला, लोक हॉलच्या पायऱ्यांवर उभे. डॉक्टर आणि वहिनी रिक्षातून उतरली. माणसानं ओढायची ती रिक्षा, आणि ओढणारा हडकुळा, दम लागलेला. जयप्रकाश पायरीवरून ओरडला, "डॉक्टर, गाडी बसली, आता रिक्षावाल्याला बसवताय का? वहिनींच्या वजनापुढं विलायती पोलाद हरलं, तिथं हा बिचारा बिहारी काय टिकणार!"

पायऱ्यांवरचे सगळे हसले. जयप्रकाशची बायको सरला तर पदर तोंडाला लावून खोखो. वहिनींनी वर बघून नमस्कार केला आणि थेट गणपतीसमोर जाऊन बसल्या.

कमान कशानं बसली हे पायऱ्यांवर दोघांनाच ठाऊक होतं. जयप्रकाश बोलायच्या ओघात विसरलाही असेल, त्याला कोटी सुचली की बाकीचं सुचत नाही. पण दिगंबर विसरला नव्हता. आणि दिगंबरही हसला. सगळे हसतात म्हणून, वेगळं दिसायला नको म्हणून, दात दाखवून हसला. वहिनींनी वर बघितलं तेव्हा तो हसतच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दवाखान्यात उभा. "डॉक्टर, गाडी द्या. पूर्वी होती तशी उभी करून देतो."

"जमेल?" डॉक्टर म्हणाले. "मला वाटलं म्हातारपण आहे. त्याला औषध नसतं."

"जमेल," दिगंबर म्हणाला. बाकीचं तेव्हाही नाही सांगितलं. मनाशी म्हणाला, गाडी उंच झाली की झालं, मग कोण विचारतो.

पण पूर्वी होती तशी म्हणजे किती? उतरवताना माप घ्यायची अक्कल कुणाला झाली होती! मग एस्प्लनेडला एका चहा कंपनीच्या साहेबाची तशीच एमजी उभी असायची, तिच्या ड्रायव्हरला त्यानं गाठलं. बांबूची पट्टी घेऊन रस्त्यात गाडीखाली शिरला, आसापासून चासीपर्यंत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापर्यंत, चारही बाजूंचं माप पट्टीवर खुणा करून आणलं. ड्रायव्हर वरून म्हणत होता, "लवकर कर, साहेब बघेल तर म्हणेल बॉम्ब लावतोयस."

निताईनं कमानी पाहिल्या आणि कपाळावर हात मारला. तो अर्धं हिंदी अर्धं बांगला बोलायचा. म्हणाला, "दादा, तेव्हाच सांगितलं होतं ना, चांगल्या घोड्याची कंबर मोडू नको? आता माझ्याकडेच घेऊन आलास. कुणी विचारलं तर काय सांगतोस, कुणी मोडली?"

"म्हातारपणानं."

निताईनं त्याच्याकडे बघितलं आणि थुंकला. "विश्वकर्मा पूजा झाल्यावर ये. पूजेच्या तोंडावर असलं काम मी हातात घेत नाही."

पूजेच्या दिवशी कलकत्त्यात कुणी हत्याराला हात लावत नाही. दिगंबरच्या आवारातही पाने-हातोडे धुऊन, टिळे लावून मांडले होते. तो त्यांच्यासमोर बसून राहिला. त्या दिवशी उडवतात ते पतंग आभाळभर, पोरांचा आरडाओरडा, आणि याला वाटत होतं की प्रत्येक पाना आपल्याकडे बघतोय.

पूजा झाल्यावर निताईनं काम मात्र असं केलं की बघत राहावं. पट्ट्या एकेक करून भट्टीत लाल केल्या, वाकवून पुन्हा बाक आणला, तेलात बुडवून कडक केल्या, मग मंद आचेवर धरून पोलादाचा ताठरपणा कमी केला. दिगंबरनं काढून टाकलेल्या चार पट्ट्या ड्रमामागं पडल्या होत्या, त्या घासून पुन्हा आपापल्या जागी बसवल्या. गाडी चढली. बांबूच्या पट्टीवरच्या खुणांना चारही बाजू लागल्या. शनिवारी दुपारपर्यंत एकच काम उरलं होतं.

ते काम असं. कमानीच्या टोकाला डोळा असतो, त्यात रबराची बुश, त्यातून बोल्ट. गाडी रिकामी असताना बोल्ट आवळला तर रबर तिथंच चिमटतं. मग माणसं बसली की ते पिळतं, गाडी नीट बसत नाही आणि चार महिन्यांत रबर फाटतं. म्हणून बोल्ट ढिले ठेवायचे, गाडी चाकांवर उभी करायची, जी माणसं रोज बसतात ती जागेवर बसवायची, आणि मग खाली सरपटून आवळायचे. बराकपूरचा हवालदार शिव्या घालून हे शिकवायचा.

रोजची माणसं म्हणजे डॉक्टर आणि वहिनी. डॉक्टर पाचला येणार होते. वहिनींना बोलवायचं कोणत्या तोंडानं? तीन रविवार तो त्यांच्याकडे जेवायलाही गेला नव्हता. मग त्यानं डोकं चालवलं. समोरच्या बांधकामावरून वाळूची दोन पोती आणली, मणामणाची, आणि डाव्या सीटवर एकावर एक ठेवली. वर अंदाजानं एक घमेलं वाळू. लांब होऊन बघितलं, आणखी अर्धं घमेलं टाकलं.

"हे काय, भावजी?"

वहिनी दारात उभ्या होत्या. हातात पितळी डबा. चेहरा उतरलेला, ब्लाउज खांद्यावर ढिला झालेला. "तीन रविवार आला नाहीत. म्हटलं आजारी आहात की काय. वरणभात आणलाय."

दिगंबरच्या हातात घमेलं तसंच. वहिनींनी गाडीकडे बघितलं. सीटकडे बघितलं. त्यांना कळायला वेळ लागला नाही. नऊ वर्षं बसत होत्या त्या तिथं.

"माझ्या जागी का?" त्यांनी विचारलं.

त्यानं घमेलं खाली ठेवलं.

"किती लागली? दोन?" त्यांनी बोटानं वरच्या पोत्याला हात लावला. "आता एवढी नाही राहिले मी. दीड पुरलं असतं. डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं परवा."

डबा त्यांनी बाकड्यावर ठेवला, आवाज न करता. आणि जायला वळल्या.

तेव्हा दिगंबरच्या घशातला काटा निघाला, पण रक्त घेऊन निघाला. "वहिनी, तुमच्या वजनानं नाही बसली. मी बसवली. मेमध्ये. पट्ट्या काढल्या, ठोकून चपट्या केल्या. शर्यतीला नेली होती बराकपूरला. डॉक्टरांना सांगायची लाज वाटली म्हणून बोललो वजनानं. तुमच्या बसण्याचा काही संबंध नाही. तुम्ही आणि डॉक्टर अजून वीस वर्षं बसलात तरी ती कमान हलायची नाही."

वहिनी पाठमोऱ्याच उभ्या होत्या. गल्लीतून एक भाजीवाला ओरडत गेला.

"जूनपासून," त्या म्हणाल्या. "चार महिने."

"हो."

"गणपतीच्या पायऱ्यांवर तुम्ही हसलात, भावजी. जयप्रकाश बोलले त्याचं मला काही नाही, ते कुणालाही बोलतात. तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही हसलात."

"हसलो, वहिनी."

"तुम्ही चपला काढून आमच्या घरी येता. मी तुम्हाला पहिल्यांदा वाढते, मग डॉक्टरांना." एवढंच बोलून त्यांचा आवाज फुटला. दिगंबरला वाटलं, निताईच्या भट्टीत हात घातला असता तरी यापेक्षा बरं.

तेवढ्यात डॉक्टर आले. छत्री झटकत, "झाली का रे?" म्हणत. दोघांचे चेहरे बघून थांबले. दिगंबरनं त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, उभ्यानं, मान खाली घालून. शर्यतीत सहावा आल्याचंसुद्धा.

डॉक्टर ऐकत होते. शिव्या येतील म्हणून दिगंबर वाट बघत होता. पण डॉक्टर बाकड्यावर बसले आणि बायकोकडे बघत म्हणाले, "मी तुझा भात बंद केला, कालिंदी. मी एवढा डॉक्टर. एका मिस्त्रीनं सांगितलं आणि मी काटा आणला."

"तुम्ही काटा आणलात," वहिनी म्हणाल्या. "निदान हसला तरी नाहीत."

मग वहिनीच गाडीकडे आल्या, पदर कमरेला खोचला. "ही पोती काढा आधी."

दिगंबरनं पोती ओढून काढली, सीट झटकली, फडक्यानं दोनदा पुसली. वहिनी आत बसल्या. डॉक्टर स्टिअरिंगवर बसले. दिगंबर पाना घेऊन खाली सरपटला. वर गाडी जराशी दबली, हवी तेवढीच, रबरं जागेवर आली. त्यानं एकेक बोल्ट आवळला. चारही कमानी, पुढून मागून. खाली अंधार, डोळ्यांत ग्रीस गेलं म्हणून की कशानं पाणी येत होतं ते त्याचं त्यालाच ठाऊक. शेवटचा बोल्ट आवळून झाला तरी तो बाहेर येईना.

"झालं का, भावजी?" वरून आवाज आला.

"झालं."

"मग बाहेर या. मी तुमच्या अंगावर किती वेळ बसू?"

तो बाहेर आला. वहिनी हसत नव्हत्या. समोर बघत म्हणाल्या, "आज शनिवार. जयप्रकाशांकडे पत्ते असतील. आम्ही एस्प्लनेडला जातो, तिथून त्यांच्याकडे येतो. तासभर लागेल. तुम्ही ट्रामनं आधी जा."

एवढं बोलून त्या डॉक्टरांकडे वळल्या. "चला."

दिगंबर तसाच निघाला, कपडेही न बदलता. ट्राममध्ये लोक त्याच्यापासून अंग चोरून उभे राहत होते. जयप्रकाशच्या खोलीत पाच-सहाजण पत्त्याला बसलेले, सरला चहा देत होती. "या या!" जयप्रकाश म्हणाला. "आज गॅरेज अंगावरच घालून आलास?"

दिगंबर दारातच उभा राहिला आणि मेपासूनचं सगळं बोलला. मध्ये जयप्रकाश म्हणाला, "अरे, ते शर्यतीचं मी गमतीत म्हटलं होतं..." तेव्हाही थांबला नाही. गणपतीतल्या हसण्यापर्यंत आला तेव्हाच थांबला. कुणी पत्ता टाकेना. सरला कप गोळा करायला लागली. ती कुणाकडे बघत नव्हती.

जयप्रकाशनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पहिल्यांदाच त्याला कोटी सुचली नाही.

खाली हॉर्न वाजला. सगळ्यांनी ऐकला आणि गॅलरीत जायला कुणी उठलं नाही. दिगंबर जिना उतरून खाली गेला. दार उघडून त्यानं हात पुढं केला. वहिनींनी तो घेतला नाही. दाराला धरून, एका दमात, आपल्या आपण उठल्या आणि पदर सारखा केला.

"सांगितलंत?"

"सांगितलं, वहिनी."

"सगळ्यांना?"

"वर आहेत तेवढ्यांना. पायऱ्यांवर त्या दिवशी पन्नास जण होते."

"हो," वहिनी म्हणाल्या. "मी मोजले होते."

"दसऱ्याला मंडळात सगळे येतील. तिथं सांगतो."

"तोवर रविवारचं घरी जेवायला येऊ नका," त्या म्हणाल्या. आणि जिना चढायला लागल्या.